न्हाणीची जाळी

हेमलताबाईंनी उकळत्या पाण्याचं पातेलं फडक्याने धरून न्हाणीघराच्या कोपऱ्यातल्या भोकात ओतलं आणि कान देऊन उभ्या राहिल्या. पाणी गडगड करत उतरलं, मधे कुठेतरी अडखळलं, आणि मग एक मोठा ढेकर देऊन निघून गेलं. त्यांचा जीव भांड्यात पडला. जाळी जागेवर बसवून, पायाने दाबून पाहून त्या स्वयंपाकघरातल्या सिंककडे वळल्या. दुपारी नवे पाहुणे यायचे होते.

चेन्नईजवळच्या कोवलमच्या कोळीवाड्यापलीकडचं हे घर गुरुमूर्तींनी, त्यांच्या यजमानांनी, निवृत्त झाल्यावर हौसेने बांधलं, आणि चार वर्षं समुद्राची हवा खाऊन ते देवाघरी निघून गेले. तेव्हापासून हेमलताबाई वरच्या मजल्यावर एकट्या राहत आणि खालचं घर चार-सहा दिवसांसाठी येणाऱ्यांना देत. बँकेतल्या साहेबाची बायको म्हणून सगळा जन्म काढलेली ही बाई म्हातारपणी पाइपांची जाणकार झाली होती. समुद्रावरून आलेल्याने आधी बाहेरच्या नळावर पाय धुवायचे, कारण वाळू एकदा पाइपात बसली की ठाण मांडते. कॉफीचा चोथा झाडांना घालायचा. तेलकट ताट कागदाने पुसल्याशिवाय सिंकमध्ये टाकायचं नाही. संडासात पाण्याशिवाय काही सोडायचं नाही. घर रिकामं असलं तरी त्या रोज खाली येऊन सगळे नळ सोडत, नाहीतर भोकातलं पाणी सुकून घरभर वास सुटतो. आणि सगळ्यांत कडक नियम हा, की या घरात कोणी तेल लावून शिकेकाईने न्हायचं नाही.

हा शेवटचा नियम त्यांच्याच जिवावर आला होता. तंजावरच्या मराठी घरात वाढलेली बाई, शुक्रवारचं तेलाचं न्हाणं जिने लग्नाच्या धामधुमीतही चुकवलं नव्हतं, ती आता शँपूच्या पुड्या फोडू लागली होती. वरची मोरी आणि खालची मोरी एकाच पाइपात उतरत होती, मग करणार काय! शिकेकाईचा गाळ, तेल आणि लांब केस एकत्र आले की त्यांचा असा गोळा होतो, की गरम पाण्याला तो दाद देत नाही.

मागच्या उन्हाळ्यात तसंच झालं. एक मोठा घोळका येऊन गेला आणि त्यांच्यामागे वाळू, केस, काय काय अडकून न्हाणीचं पाणी व्हरांड्यापर्यंत आलं. त्यातून चालताना हेमलताबाई घसरल्या आणि मनगट मोडून बसल्या. चेन्नईतल्या पेरुंगुडीहून विजयेंद्र, त्यांचा मुलगा, धावत आला. प्लास्टर वाळेपर्यंत तो शेजारी बसून राहिला. मग म्हणाला,

"पोदुम अम्मा, पुरे झालं. आणिक एक वेळ पाणी तुंबलं, तर हे अस्कं, सगळं, बंद. घरास कुलूप लावायचं आणि तू आमच्याकडे यायचं."

त्याचं काही चुकत होतं असं नाही. त्याचा फ्लॅट मोठा, सून नित्या गुणी, त्यांच्यासाठी एक खोली पडदे लावून तयार ठेवलेली. पण त्या उंच इमारतीत दारावर कोणी येत नसे. इथे महिन्यातून चारदा नवी माणसं येत, अम्मा म्हणत, मासळीबाजार कुठे, बस किती वाजता, विचारत. कोणाची पोरं जिन्यावर पळत. हेमलताबाईंना माणसं हवी होती, साधी गोष्ट. आणि ती सगळी त्या वितभर जाळीवर येऊन ठेपली होती.

दुपारी जोडपं आलं. अनिकेत आणि तनया, साताऱ्याकडचे. तो मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर, ती एका कंपनीत कामाला, पण सध्या रजेवर. राहायला पेरुंगुडीलाच होते, म्हणजे विजयेंद्रच्या शेजारातलेच म्हणायचे. तासाभराच्या वाटेवर घर असताना हे आठ दिवस इथे कशाला आले, असा प्रश्न हेमलताबाईंच्या मनात आला. पण मराठी पाहुणे मिळाल्याच्या आनंदात तो मागे पडला.

"बैसा, बैसा. कॉफी घेणार काय? मज पहा, मराठी बोलावयास कोणी सापडत नाही येथे."

अनिकेत हसला. "काकू, तुमचं मराठी पोथीतल्यासारखं वाटतं."

"पोथीतलंच की. आम्ही येथे येऊन किती पिढ्या झाल्या, तुमच्याकडे भाषा बदलली हे कोणी सांगितलंच नाही आम्हांस."

तनयाही हसली, पण उशिरा, दुसऱ्याचं पाहून हसावं तशी. उन्हाळ्यातही तिने डोक्याला ओढणी घट्ट बांधली होती. हेमलताबाईंनी तिला न्हाणीघरात नेऊन जाळी दाखवली, नियम सांगितले. रोज सकाळी आपण येऊन जाळी साफ करून जाऊ, हेही सांगितलं. तनयाने सगळं नीट ऐकून घेतलं.

"केस जाळीत राहतील ना काकू? खाली नाही ना जाणार?"

"राहतात. म्हणून तर बसवली."

"बरं," असं म्हणून तिने ओढणीची गाठ चाचपली.

पहिल्या सकाळी हेमलताबाई खाली आल्या तर जाळी लख्ख. दुसऱ्या सकाळीही तसंच. बायकांच्या न्हाणीत साबणाच्या वडीवर, नळाच्या दांड्यावर एखादा केस चिकटलेला असतोच, इथे तोही नाही. फरशी कोरडी पुसलेली. हेमलताबाईंनी विजयेंद्रला फोन लावून सांगितलं, की अशी पाहुणी वर्षभर मिळाली तर प्लंबर उपाशी मरतील. तोही हसला. शुक्रवारी दुपारी येतो म्हणाला. शुक्रवारी तो घरून काम करी आणि जेवणवेळेला आईकडे चक्कर मारून घरभर नळ तपासून जाई.

बुधवारी त्या नेहमीपेक्षा जरा लवकर खाली उतरल्या. अनिकेत व्हरांड्यात लॅपटॉप मांडून कोणाशी तरी बोलत होता, त्याने मानेनेच आत जायला सांगितलं. न्हाणीघराचं दार अर्धं उघडं होतं. तनया आत उकिडवी बसली होती, ओले केस पाठीवर मोकळे सोडून. समोर वर्तमानपत्राचा कागद पसरलेला. ती भिंतीवरचे, बादलीच्या कडेचे, जाळीतले केस एकेक करून वेचत होती आणि कागदावर ठेवत होती. कागदावर चांगलाच झुबका जमला होता. कपाळाच्या दोन्ही बाजूंना केस इतके विरळ झाले होते, की आतली कातडी दिसत होती.

हेमलताबाईंना आधी अपराध्यासारखं वाटलं. आपल्या नियमापायी पोरगी सकाळी सकाळी हे करत बसते! आणि मग ते विरळ कपाळ त्यांच्या नीट नजरेस आलं, आणि त्यांना वाटलं, आपल्याला सगळं कळलं.

"अग वेडे, हे वेचत काय बैसलीस? राहू दे ते. आणि भिऊ नको, हे आजाराचे केस नव्हत. बाळंतपण झाल्यावर चौथ्या महिन्यास असेच पडतात. विजयेंद्र झाला तेव्हा माझी वेणी उंदराच्या शेपटाएवढी उरली होती. अस्के परत येतात. लेकरू कोठे तुझं? आईकडे ठेवून आलीस?"

तनयाचा हात जाळीवर तसाच राहिला.

"बाळ नाहीये, काकू."

बाहेर अनिकेतचं बोलणं चालूच होतं, कुठल्याशा सुट्या भागांबद्दल.

"नववा लागला होता," तनया म्हणाली. "एक दिवस हलायचं थांबलं. मुलगी होती." मग तिने कागद चारी बाजूंनी दुमडला. "जाळीत एवढे केस दिसले असते तर तुम्ही विचारलं असतंत. आमच्या इमारतीत सगळ्या विचारतात. म्हणून वेचत होते."

तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर हेमलताबाईंना बरं वाटलं असतं. "अय्यो," एवढंच त्यांच्या तोंडून आलं आणि त्या दाराच्या चौकटीला धरून खाली बसल्या, ओल्या फरशीवरच.

मग हेमलताबाईंनी विचारलं,

"न्हाणं झालं काय तुझं? आई आली असेल."

"आली होती. डिंकाचे लाडू करून ठेवले होते तिने, ते तिकडेच राहिले. माझ्याकडे न बघता चार दिवस स्वयंपाक केला आणि गेली. म्हणाली, लवकर उभी राहा, कामाला लाग." तनया जरा थांबली. "न्हाऊमाखू बाळंतिणीला घालतात ना काकू. बाळंतीण म्हणायला बाळ लागतं."

हेमलताबाई चौकटीला धरून उठल्या. जिना चढताना आपल्या जिभेला हाड नाही, असं त्यांनी स्वतःला मोठ्याने सुनावलं. दुपारी भात ताटात वाढून घेतला तो तसाच झाकून ठेवला. त्यांना पुन्हा पुन्हा एकच दिसत होतं. त्या पोरीच्या अंगाने सगळं काही केलं होतं. पोट वाढवलं, कळा सोसल्या, दूध आणलं असेल, ते आटवलंही असेल, आणि आता शहाण्यासारखे चौथ्या महिन्याचे केसही गाळत होतं. आणि त्या अंगावर कोणी तांब्याभर ऊन पाणीही ओतलं नव्हतं.

गुरुवारी त्यांनी माळ्यावरून शिकेकाईचा डबा काढला. मूग, मेथी, वाळलेली संत्र्याची साल घालून पुन्हा दळून आणली. तिळाचं तेल होतंच. तेलात मिरी आणि जिरं टाकून ते मंद आचेवर ठेवलं तेव्हा कुठे, आपण काय करायला निघालो आहोत, हे त्यांच्या ध्यानात आलं. उद्या शुक्रवार. दुपारी विजयेंद्र येणार. तेल, शिकेकाई आणि असे मुठीने गळणारे केस. हे सगळं पाइपात गेलं की काय होणार, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? पेरुंगुडीच्या त्या खोलीतले निळे पडदे त्यांना दिसले. शनिवारी घालावं का न्हाणं, असंही एकदा मनात येऊन गेलं. पण बाईच्या न्हाण्याचा वार शुक्रवार, आणि आधीच फार उशीर झाला होता. त्यांनी गॅस बंद केला आणि तेल झाकून ठेवलं.

सकाळी त्या तेलाची वाटी आणि पाट घेऊन खाली आल्या तेव्हा तनया पाहतच राहिली.

"हे काय काकू?"

"बैस या पाटावर."

"पण तेल, शिकेकाई... तुमचा नियम आहे."

"माझाच ना? मीच केला, मीच मोडते. बैस, कन्ना, पोरी."

"चार महिने होत आले काकू. आता काय उपयोग?"

"अंग विसरतं काय चार महिन्यांत?"

तनया बसली. हेमलताबाईंनी आधी जमिनीला तेलाची बोटं लावली, मग टाळूवर ओंजळभर तेल थापलं. मान, खांदे, पाठीचा कणा, कंबर. मोडून जुळलेलं मनगट ठणकत होतं, तरी त्यांनी हात हलका केला नाही. पोटावरून तळवा फिरवताना त्या क्षणभर थांबल्या, आणि मग जसं कोणत्याही बाळंतिणीचं चोळतात, खालून वर, तसंच चोळलं. तनयाने डोळे मिटून घेतले होते.

मग पाणी. निगुतीने ऊन ठेवलेलं, अंग लाल होईल असं. शिकेकाईचा लेप केसांत बसवून त्यांनी चोळायला सुरुवात केली तशी बोटांत झुबक्याने केस येऊ लागले. दुसऱ्या बादलीलाच जाळी भरली. पाणी फरशीवर चढत तनयाच्या पाटापर्यंत आलं. तिने डोळे उघडून खाली पाहिलं. तपकिरी पाण्यावर तिचे काळे केस तरंगत होते. ती एकदम आखडली, तिचा हात जाळीकडे गेला.

"थांबा काकू, मी काढते ते, वेचते."

हेमलताबाईंनी तिचा हात बाजूला केला. वाकून जाळी उपटली आणि खिडकीत ठेवून दिली. पाणी घरंगळत, केसांसकट, शिकेकाईसकट, भोकात उतरून गेलं. फरशी मोकळी झाली.

"जाऊ दे," त्या म्हणाल्या. "वेचावयाचं नाही आता काही."

तनयाने गुडघ्यांत तोंड घातलं. मग हुंदका फुटला, आणि तो ऐकून अनिकेत दाराशी धावत आला. हेमलताबाईंनी हातानेच त्याला तिकडे थांब म्हणून सांगितलं. तो भिंतीला पाठ लावून तिथेच खाली बसला आणि त्यानेही तोंड झाकून घेतलं. हेमलताबाई पाणी घालत राहिल्या. गरम पाणी संपलं तसं त्यांनी अनिकेतलाच हाक मारून आणखी मागवलं.

न्हाणं झाल्यावर त्यांनी तिच्या पोटाला जुन्या लुगड्याची पट्टी घट्ट बांधली, निखाऱ्यांवर ऊद टाकून केसांना धुरी दिली, मऊ भातावर तूप आणि मिरीचं सार घालून भरवला. तनया अर्ध्या जेवणातच पेंगायला लागली. अनिकेतने तिला नेऊन निजवलं.

"ती रात्रीची झोपतच नाही काकू," तो बाहेर येऊन पुटपुटला. "आज कशी..."

"निजू दे. आठ दिवस संपले म्हणून निघू नका. न्हाणी पुरी होईपर्यंत राहा."

एवढं होईतो पाइपाने आपलं काम केलं होतं. हेमलताबाई न्हाणीघरात परतल्या तर पाणी उलटं चढून उंबरठ्यापाशी आलेलं. त्यांनी गरम पाणी ओतलं, सोडा टाकला, रबरी पंपाने दाबून पाहिलं. ढेकर नाही, काही नाही. पाणी उंबरठा ओलांडून व्हरांड्याकडे निघालं. त्या फडकं घेऊन ते अडवत असताना फाटकाचा आवाज आला.

विजयेंद्र दारात उभा राहिला. पाणी पाहिलं, आईच्या हातातलं फडकं पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. आपलं म्हणणं खरं झाल्याचा आनंद त्याला बिलकुल झाला नव्हता.

"अम्मा, काय सांगितलं होतं मी? ऊठ तू. घसरशील. ऊठ आधी." त्याने तिला हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि खिशातून फोन काढला. "पाइपाच्या मशीनवाल्यास बोलावतो. मग आपण बोलू."

"मशीन नको," हेमलताबाई म्हणाल्या. "फार मोठा आवाज करतं ते. आत बाळंतीण निजली आहे."

विजयेंद्रचा अंगठा फोनवर थांबला. त्याने बंद दाराकडे पाहिलं. त्याच्याही घरी एक बाळंतपण होऊन गेलेलं होतं, बाळंतिणीच्या घराच्या खुणा त्याला ठाऊक होत्या. दोरीवर दुपटी नव्हती, लंगोट नव्हते, घरात कसलाच आवाज नव्हता. न्हाणीतून मात्र शिकेकाईचा आणि ऊदाचा वास येत होता. त्याने आईकडे पाहिलं. तिने मान हलवली, बाळ नाही म्हणून.

त्याने फोन खिशात टाकला. गाडीतून एक लांब तार आणली, पँट दुमडली आणि न्हाणीघरात गुडघ्यांवर बसला. बराच वेळ तो हळूहळू तार सरकवत राहिला, भांडंही वाजू न देता. शेवटी हाताला गोळा लागला. काळे लांबलचक केस, तेलाने माखलेले. त्याने तो कागदात गुंडाळून बाजूला ठेवला. पाणी उतरलं. हेमलताबाई खुर्चीत हात मांडीवर ठेवून त्याच्या बोलण्याची वाट पाहत होत्या.

तो हात धूत म्हणाला,

"किती न्हाणी असतात, अम्मा?"

"चाळीस दिवस घालतात. जमतील तितकी घालणार मी."

"म्हणजे उद्या परत तुंबणार."

"तुंबणार."

विजयेंद्रने पँट खाली सोडली. ओली तार पुसून गुंडाळली आणि न्हाणीघराच्या खिळ्याला अडकवली.

"तू पाण्यात उतरू नको," तो हलक्या आवाजात म्हणाला. "रोज ऑफिसच्या आधी मी येऊन जाईन."